कॉम्बॅट रॉक : शरीफ, कसबा आणि बॉम्बवर लिहिलेलं गाणं

१४ मे १९८२ रोजी लंडनच्या 'द क्लॅश' या पंक रॉक बँडचा 'कॉम्बॅट रॉक' हा अल्बम बाजारात आला. ब्रिटनमध्ये तो विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत सातव्या. या बँडचा सर्वांत जास्त खपलेला अल्बम हाच. जाणकार मात्र त्यांच्या १९७९च्या 'लंडन कॉलिंग'ला वरचढ मानतात आणि निव्वळ संगीताचा हिशेब केला तर ते बरोबरही आहे. तरी मला लिहायचंय ते 'कॉम्बॅट रॉक'विषयी. कारण त्यातल्या 'रॉक द कॅस्बा' या गाण्याच्या वाट्याला जे आलं, ते दुसऱ्या कुठल्याही पंक गाण्याच्या वाट्याला आलेलं नाही. ते गाणं मुसलमानांविषयी होतं. मग ते मुसलमानांवर टाकायच्या बॉम्बवर लिहिलं गेलं. आणि शेवटी एका अल्जेरियन माणसाने ते अरबीत गायलं.

कॉलेजात असताना कुणाच्या तरी कॅसेटवर हे गाणं पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा इंग्रजी उच्चारांच्या त्या गर्दीत मला दोनच शब्द ओळखीचे वाटले. एक 'शरीफ' आणि दुसरा 'कॅस्बा'. कॅस्बा म्हणजे आपला कसबाच. मूळ अरबी शब्द एकच. उत्तर आफ्रिकेत त्याचा अर्थ झाला किल्ला, तटबंदीच्या आतलं जुनं शहर. फारसीतून आपल्याकडे येताना त्याचा अर्थ झाला परगण्याचं मुख्य गाव. पुण्याची कसबा पेठ, कोल्हापूरचा कसबा बावडा, संगमेश्वरचं कसबा, ही सगळी त्याच शब्दाची लेकरं. युरोपात मात्र हा शब्द फ्रेंचांमार्फत गेला आणि तिथे त्याला वेगळाच वास चिकटला. अरुंद गल्ल्या, बुरख्यातल्या बायका, चोर, तस्कर आणि गूढ. १९३०च्या दशकातल्या फ्रेंच आणि अमेरिकी सिनेमांनी अल्जियर्सच्या कसब्याचं हे चित्र पक्कं करून टाकलं. १९५७ साली त्याच गल्ल्यांत फ्रेंच छत्रीधारी सैनिक घराघरांत घुसून माणसं उचलून नेत होते, हे त्या चित्रात कुठे बसत नव्हतं.

लंडनमधल्या चार गोऱ्या पोरांनी हा शब्द उचलला तो त्या सिनेमावाल्या अर्थानेच. पण ही पोरं कोण होती आणि कुठल्या लंडनमध्ये वाढली होती, ते आधी बघायला हवं.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धातलं ब्रिटन बेकारीने आणि संपांनी बेजार झालेलं होतं. 'नॅशनल फ्रंट' नावाचा उघड वंशवादी पक्ष रस्त्यांवर मोर्चे काढत होता. जून १९७६मध्ये साउथहॉलमध्ये गुरदीपसिंग चग्गर या अठरा वर्षांच्या शीख मुलाचा भोसकून खून झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एरिक क्लॅप्टन हा प्रख्यात गिटारवादक बर्मिंगहॅमच्या मंचावरून परदेशी लोकांना हाकलून द्या, असं बरळला. काळ्या अमेरिकनांचं ब्लूज वाजवून मोठा झालेला हा माणूस! त्याच्या निषेधातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी ट्रॅफल्गर चौकातून निघालेला प्रचंड मोर्चा पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात पोचला, तिथे मोठा जलसा झाला आणि त्यात क्लॅशने वाजवलं. त्यानंतर चारच दिवसांनी, ४ मे रोजी, तिथून जवळच व्हाइटचॅपलमध्ये अल्ताब अली या कपड्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या बंगाली तरुणाला कामावरून घरी जाताना मारलं गेलं. त्याची शवपेटी घेऊन हजारो बंगाली पंतप्रधानांच्या दारापर्यंत चालत गेले. ज्या बागेजवळ त्याचा खून झाला, तिला आज त्याचंच नाव आहे.

जलशाने वंशवाद संपत नाही, हे या चार दिवसांच्या अंतरातून दिसतंच. पण ज्यांना रस्त्यावर 'पाकी' म्हणून दगड खावे लागत होते, त्यांना त्या दिवशी हजारो गोरी पोरं आपल्या बाजूने उभी असलेली दिसली, हेही तितकंच खरं. पंकचं संगीत तर असं होतं की तीन सूर येत असले तरी पुरत. मग काही आशियाई मुलांनीही गिटार उचलली. मार्गारेट थॅचर यांनी जानेवारी १९७८मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत ब्रिटिश लोकांना परक्या संस्कृतीच्या लोंढ्याची भीती वाटते, अशा आशयाचं विधान केलं होतं. लंडनमधल्या तीन पाकिस्तानी घरांतल्या आणि एका गोऱ्या तरुणाने त्यावरून आपल्या बँडचं नावच 'एलियन कल्चर' ठेवलं. १९८०मध्ये त्यांची एकच तबकडी निघाली आणि लवकरच तो बँड विसर्जितही झाला. घरच्यांचं एक म्हणणं, रस्त्याचं दुसरं, आणि आपण अधांतरी, हा त्या गाण्यांचा विषय. क्लॅशचा प्रभाव म्हणजे काय, याचं मोठमोठ्या नावांपेक्षा मला हे छोटं उदाहरण जास्त पटतं.

क्लॅशचा मुख्य गायक जो स्ट्रमर. खरं नाव जॉन मेलर. तो १९५२ साली तुर्कस्तानात अंकारा इथे जन्मला, कारण वडील ब्रिटिश परराष्ट्र सेवेत होते. आणि वडिलांचा जन्म लखनौचा! साम्राज्याच्या नोकरीत आणि तिच्या उरल्यासुरल्या अवशेषांत या घराण्याच्या दोन पिढ्या गेल्या. बालपण कैरो, मेक्सिको सिटी, बॉन असं फिरतं, मग इंग्लंडच्या निवासी शाळेत. पुढे आपल्या या साहेबी पार्श्वभूमीची त्याला लाज वाटायची आणि तो ती लपवायचाही. ड्रमर टॉपर हेडन, गिटारवर मिक जोन्स, बेसवर पॉल सिमोनन. जोन्स आणि सिमोनन दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टनशी नातं असलेले, जमैकन रेगे संगीत कानांवर घेत वाढलेले.

या बँडला एक शाप होता. त्यांची गाणी लोक उलटी समजत. १९७६च्या नॉटिंग हिल कार्निव्हलमध्ये काळी तरुण पोरं पोलिसांशी भिडलेली स्ट्रमर आणि सिमोनन यांनी स्वतः पाहिली होती. त्यावरून त्यांनी गाणं केलं, 'व्हाइट रायट'. गोऱ्या पोरांनीही अन्यायाविरुद्ध असं उभं राहावं, हा त्याचा अर्थ. काही जणांनी त्यातला 'व्हाइट' तेवढा ऐकला आणि हे गोऱ्यांच्या वर्चस्वाचं गाणं आहे असं धरून चालले. पुढे जे झालं त्याची ही रंगीत तालीमच.

'कॉम्बॅट रॉक'चा बराच भाग न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत तयार झाला. मिक जोन्सला तो दोन तबकड्यांचा, लांबलचक गाण्यांचा करायचा होता. बाकीच्यांना ते मान्य नव्हतं. शेवटी ग्लिन जॉन्स या अनुभवी निर्मात्याला बोलावून त्याच्याकडून काटछाट करून घेतली आणि पाऊण तासाची एकच तबकडी झाली. भांडणं इतकी होती की मुखपृष्ठावर थायलंडच्या रेल्वे रुळांवर चौघं एकत्र दिसतात, त्याचंच नवल वाटावं. फोटो पेनी स्मिथ यांचा. अल्बम दुकानांत पोचेपर्यंत टॉपर हेडनला हेरॉइनच्या व्यसनापायी बँडमधून काढलेलं होतं.

आणि 'रॉक द कॅस्बा'चं संगीत नेमकं त्याचंच! एके दिवशी तो स्टुडिओत लवकर पोचला. बाकीचे आलेले नव्हते. त्याने आधी ड्रम वाजवून घेतला, मग पियानो, मग बेस. बाकीचे येईपर्यंत गाणं जवळपास उभं होतं. त्याने लिहिलेले शब्द मात्र स्ट्रमरने बाजूला ठेवले आणि स्वतः नवे लिहिले. या ध्वनिमुद्रणात मध्येच मनगटी घड्याळाची पीप पीप ऐकू येते, तीही तशीच राहू दिली आहे.

शब्द सुचले कसे, याची गोष्ट आपल्या दृष्टीने गमतीची आहे. बँडचा व्यवस्थापक बर्नी ऱ्होड्स लांबत चाललेल्या गाण्यांना कंटाळला होता. प्रत्येक गाणं या रागाइतकं लांब असायलाच हवं का, असं तो वैतागून बोलला. राग म्हणजे आपला राग, भारतीय संगीतातला. स्ट्रमरच्या डोक्यात तो शब्द अडकून बसला आणि गाण्याच्या पहिल्या कडव्यात येऊन बसला. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ उरुसात रात्र रात्र गाणं चालतं. ते ऐकलेल्याला ऱ्होड्सची तक्रार ऐकून हसू येईल. पण असो. दुसरी गोष्ट, स्ट्रमरला कुणीतरी सांगितलं होतं की इराणमध्ये डिस्कोची तबकडी बाळगली तर फटके मारतात. राग आणि फटके या दोन तुकड्यांतून गाणं जुळलं.

गाण्याची गोष्ट अशी. एका वाळवंटी मुलखात हाकिमाने संगीतावर बंदी घातली आहे. लोक ती जुमानत नाहीत. रस्त्यात, बाजारात, मंदिरात वाजतच राहतं. मग हाकीम चिडून लढाऊ विमानांना हुकूम देतो की वाजवणाऱ्यांवर बॉम्ब टाका. वैमानिक विमानं घेऊन उडतात, पण बॉम्ब टाकत नाहीत. उलट विमानातला रेडिओ लावून तेच संगीत ऐकतात.

हा शेवट लक्षात ठेवा.

आता मुसलमान म्हणून ऐकताना काय वाटतं, तेही सांगायला हवं. भाषेचा नुसता गोपाळकाला आहे. शरीफ, मुअज्जिन, बेदुइन, त्यात ज्यूंचा 'कोशर', त्यात भारतीय राग. जणू मोरोक्कोपासून बनारसपर्यंत सगळा एकच देश आणि तिथे सगळे एकच पोशाख घालून वावरतात. संगीतबंदी करणाऱ्याला 'शरीफ' म्हटलंय. अरबीत शरीफ म्हणजे खानदानी, पैगंबरांच्या वंशातला. मक्केच्या हाकिमाचं ते बिरुद होतं. आपल्या बोलण्यात शरीफ म्हणजे सभ्य माणूस. स्ट्रमरला यातलं काही ठाऊक असावं असं गाण्यावरून तरी दिसत नाही. त्याला पगडीवाला एक हट्टी म्हातारा हवा होता, शब्द कानाला बरा लागला, वापरला. एडवर्ड सईद यांचं 'ओरिएंटॅलिझम' याच्या चारच वर्षं आधी, १९७८मध्ये आलं होतं. त्यांना उदाहरण हवं असतं तर हे गाणं आयतंच होतं.

पण म्हणून गाणं खोटं ठरतं का? इराणमध्ये बंदी खरीच होती. जुलै १९७९मध्ये आयातुल्ला खोमेनी यांनी रेडिओ आणि टीव्हीवरून संगीत वाजवायला मनाई केली. कितीतरी गायिका त्यानंतर देश सोडून गेल्या. हे आपल्याच लोकांनी आपल्याच लोकांवर लादलेलं होतं. त्याची खिल्ली उडवणारा परका आहे म्हणून ते लपवायचं कारण नाही. त्याच वेळी इराणची गोष्ट इतकी सरळही नव्हती. मोहम्मद रझा शजरियान हे थोर गायक देशातच राहिले. त्यांनी गायलेली 'रब्बना' ही दुआ इराणच्या सरकारी माध्यमांवर रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी वर्षानुवर्षं लागायची. लोकांची इफ्तार त्या आवाजाशिवाय होत नसे. २००९च्या निवडणुकीनंतर शजरियान निदर्शकांच्या बाजूने बोलले, तेव्हा ती बंद करण्यात आली. म्हणजे आक्षेप सुराला कमी आणि सूर लावणाऱ्याच्या मताला जास्त होता. संगीतबंदीच्या बहुतेक गोष्टी खरवडून पाहिल्या की आत राजकारण निघतं.

संगीताचा दुश्मन मुसलमान बादशहा हे चित्र तर आपल्याला नवीन नाही. औरंगजेबाची ती गोष्ट कुणी ऐकलेली नाही? गवयांनी संगीताचा जनाजा काढला आणि बादशहा म्हणाला, पुरा, चांगलं खोल पुरा. कॅथरीन स्कोफील्ड या ब्रिटिश अभ्यासिकेने २००७मध्ये एका लेखात फारसी साधनं तपासून दाखवलं की औरंगजेबाने स्वतःपुरतं संगीत ऐकणं सोडलं होतं, राज्यभर सरसकट बंदी घातलेली नव्हती. शहजादे आणि सरदार गवयांना पोसतच होते. फकीरुल्लाहचं 'राग दर्पण' त्याच्याच काळातलं आणि संगीतावरचे इतरही फारसी ग्रंथ त्याच काळात लिहिले गेले. पण जनाज्याची गोष्ट सोपी आहे, लक्षात राहते. 'रॉक द कॅस्बा'चा शरीफ याच जातीचा, तयार साच्यातून निघालेला. दोष एकट्या स्ट्रमरचा नाही.

गाण्याचा व्हिडिओ डॉन लेट्स या जमैकन वंशाच्या दिग्दर्शकाने टेक्सासमध्ये ऑस्टिनला चित्रित केला. तेल उपसणाऱ्या पंपांसमोर बँड वाजवतोय आणि एक अरब व एक कर्मठ ज्यू मिळून क्लॅशच्या कार्यक्रमाला चालले आहेत, नाचतायत, असं दृश्य. १९८२ हे इस्रायलने लेबनॉनवर हल्ला केला ते वर्ष. ड्रमवर बसलेला दिसतो तो टेरी चाइम्स. ज्याने गाणं रचलं तो टॉपर त्यात कुठेच नाही. एमटीव्ही नवीन होतं, त्यावर व्हिडिओ सतत लागायचा आणि १९८३च्या सुरुवातीला गाणं अमेरिकेच्या यादीत आठव्या क्रमांकावर पोचलं. त्याच वर्षी मिक जोन्सलाही बँडमधून काढलं. यश आलं आणि बँड संपला.

मग जानेवारी १९९१ उजाडला. कुवेतवर कब्जा करून बसलेल्या इराकविरुद्ध अमेरिकेने हवाई हल्ले सुरू केले. अमेरिकी लष्कराच्या रेडिओने त्या युद्धात सर्वांत आधी वाजवलेलं गाणं 'रॉक द कॅस्बा' होतं असं सांगतात. लष्करी पोरांमध्ये ते लोकप्रिय होतं, यात तर शंकाच नाही. इराकवर टाकायच्या एका बॉम्बवर कुणीतरी या गाण्याचं नाव लिहिलं. ही बातमी स्ट्रमरपर्यंत पोचली तेव्हा तो रडला, असं त्याच्या जवळच्या लोकांनी पुढे सांगितलं आहे.

गाण्याचा शेवट मी लक्षात ठेवायला सांगितलं होतं. गाण्यातले वैमानिक संगीत ऐकतात आणि बॉम्ब टाकत नाहीत. खरे वैमानिक तेच गाणं ऐकत होते आणि बॉम्ब टाकत होते. हुकूम मोडण्याचं गाणं हुकूम पाळताना वाजवलं जात होतं. इंग्रजी ज्यांची मायबोली, त्यांनाच शब्द कळले नाहीत! की कळूनही त्यांना त्यातला फक्त 'कसबा उडवा' एवढाच अर्थ हवा होता? मला दुसरी शक्यता जास्त खरी वाटते. गाण्यातली पात्रं कचकड्याची असली की असं होतं. ज्याला चेहरा नाही, त्या माणसावर बॉम्ब टाकणं सोपं जातं, आणि स्ट्रमरने आपल्या कसब्यातल्या एकाही माणसाला चेहरा दिलेला नव्हता. मनाने तो युद्धाच्या विरोधातच होता. 'कॉम्बॅट रॉक'चा निम्मा भाग व्हिएतनाममध्ये अमेरिकेने काय केलं, याविषयीच आहे. तरीही हा भाग त्याच्या पदरात घालावाच लागतो.

दहा वर्षांनी उलटं झालं. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर क्लिअर चॅनल या अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या रेडिओ कंपनीत एक यादी फिरली. ही गाणी सध्या वाजवताना विचार करा, अशी. दीडशेहून अधिक गाण्यांच्या त्या यादीत 'रॉक द कॅस्बा' होतं. जॉन लेननचं 'इमॅजिन'ही होतं. आणि कॅट स्टीव्हन्सची शांततेची आगगाडी, 'पीस ट्रेन', तीही होती. कॅट स्टीव्हन्स म्हणजे यूसुफ इस्लाम. लंडनचाच हा गायक १९७७मध्ये मुसलमान झाला, आणि क्लॅश ऐन भरात होते त्याच काळात त्याने गिटारी लिलावात काढून गाणं सोडून दिलं. पुढे जवळपास तीन दशकांनी तो पुन्हा गाऊ लागला. मधल्या काळात, २००४मध्ये, अमेरिकेने त्याचं विमान अर्ध्या वाटेतून वळवून त्याला परत पाठवलं. त्याने गाणं सोडलं तेव्हा इकडचे लोक खूश झाले, धरलं तेव्हा नाराज. तिकडच्यांना दोन्ही वेळी तो संशयितच वाटला. २००६मध्ये 'नॅशनल रिव्ह्यू' या अमेरिकी उजव्या नियतकालिकाने उजव्या विचारांच्या पन्नास रॉक गाण्यांची यादी छापली, त्यातही 'रॉक द कॅस्बा' आहे! क्लॅशसारख्या कडव्या डाव्या बँडचं गाणं. स्ट्रमर तोवर वारला होता. २२ डिसेंबर २००२ रोजी, पन्नासाव्या वर्षी, जन्मापासून असलेल्या आणि कधीच लक्षात न आलेल्या हृदयदोषाने तो गेला.

या अल्बममधलं दुसरं एक गाणं, 'स्ट्रेट टू हेल', मला 'कॅस्बा'पेक्षा कितीतरी सरस वाटतं. अमेरिकी सैनिकांनी व्हिएतनाममध्ये मागे टाकलेली मुलं, स्थलांतरित, बंद पडलेल्या कारखान्यांचे कामगार, ज्यांना कुणीच घरात घ्यायला तयार नाही अशांचं ते गाणं. इथे चेहरे आहेत. श्रीलंकेतून आईबरोबर निर्वासित म्हणून लंडनला आलेल्या एम.आय.ए. या तमिळ गायिकेने त्याची सुरावट उचलून २००७मध्ये 'पेपर प्लेन्स' हे गाणं केलं. तिला अमेरिकेचा व्हिसा मिळत नव्हता, त्या चिडीतून ते आलं. तेच गाणं २००८च्या 'स्लमडॉग मिलियनेअर'मध्ये आहे. दंगलीत आई गमावलेले जमाल आणि सलीम मलिक हे मुंबईचे दोन भाऊ रेल्वेच्या टपावरून देश हिंडतात, तेव्हा मागे हेच वाजतं. चित्रपटगृहात ते ऐकून पाय हलवणाऱ्या किती मुंबईकरांना ठाऊक असेल की ही धून मुळात व्हिएतनामच्या बेवारस पोरांची आहे? ठाऊक नसलं तरी बिघडत नाही. धून बरोबर घरी पोचली.

मुस्लीम मुलांनी पंक उचलण्याचा सिलसिलाही थांबला नाही. मायकल मुहम्मद नाइट या अमेरिकी नवमुस्लिमाने मुस्लीम पंक पोरापोरींच्या एका घराची काल्पनिक कादंबरी लिहिली, 'द तक्वाकोअर्स'. आधी फोटोकॉपी काढून वाटली. ती वाचून खरेच बँड निघाले. बॉस्टनच्या पाकिस्तानी वंशाच्या मुलांनी आपल्या बँडचं नाव ठेवलं 'द कॉमिनाज', म्हणजे कमीने. २००७मध्ये अमेरिकी मुसलमानांच्या सर्वांत मोठ्या अधिवेशनात या मंडळींनी मंच मिळवला. मुली गायला लागल्यावर आयोजकांनी पोलिसांना बोलावून कार्यक्रम थांबवला. आणि डिसेंबर २०११मध्ये इंडोनेशियाच्या आचे प्रांतात पोलिसांनी एका पंक कार्यक्रमातून साठहून अधिक मुलामुलींना उचललं, मुलांची डोकी भादरली, तळ्यात आंघोळ घातली आणि 'सुधारणे'साठी दहा दिवस छावणीत ठेवलं. गुन्हा कुठलाच नोंदवलेला नव्हता. त्या डोकी भादरलेल्या पोरांचे फोटो पाहताना मला स्ट्रमरच्या गाण्याविषयीचा माझा राग थोडा आवरता घ्यावासा वाटला. शरीफ नुसता सिनेमातून आलेला नाही. तो आपल्यातही आहे, वर्दीत.

हे सगळं ज्याला आतून माहीत होतं, असा माणूस म्हणजे रशीद ताहा. १९५८ साली अल्जेरियाच्या सिग गावी जन्म, लहानपणी आईवडिलांबरोबर फ्रान्समध्ये. दिवसा कारखान्यात काम, रात्री संगीत. लिऑनमध्ये त्याने मित्रांबरोबर बँड काढला, नाव 'कार्त द सेजूर'. म्हणजे परदेशी माणसाचा राहण्याचा परवाना, जो खिशात नसला तर पोलीस धरायचे. १९८६मध्ये त्यांनी शार्ल त्रने यांचं फ्रान्सचं गोडवे गाणारं जुनं लाडकं गाणं अरबी वळणाने गायलं. शब्द तेच, पण गाणारा अरब म्हटल्यावर लोकांना ते टोचलं. परदेशी लोकांविरुद्धच्या कायद्याची चर्चा चालू असताना त्याच्या प्रती फ्रेंच संसदेच्या सभासदांना वाटल्या गेल्या. दुसऱ्याचं गाणं घेऊन त्यालाच आरसा दाखवायचं कसब ताहाकडे होतं.

१९८१मध्ये क्लॅश पॅरिसला वाजवायला आले होते, तेव्हा आपण त्यांना आपल्या गाण्यांची कॅसेट दिली, असं ताहा सांगायचा. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी 'रॉक द कॅस्बा' ऐकलं तेव्हा वाटलं, कॅसेट ऐकली असावी. टॉपरने एकट्याने बसवलेल्या त्या चालीत मला तरी अरबी छाप सापडत नाही, त्यामुळे हा दावा ओढून आणलेला वाटतो. पण त्याला असं वाटावं, यात त्या पिढीची भूक दिसते. गोऱ्यांच्या गाण्यात आपलं नाव आलंय, तर त्यात आपलाही थोडा हात असावा.

अल्जेरियात नव्वदच्या दशकात जे यादवी युद्ध पेटलं, त्यात गायकांना ठार मारलं जात होतं. रै संगीताचा लाडका तरुण गायक शेब हसनी याला सप्टेंबर १९९४मध्ये ओरानमध्ये गोळ्या घातल्या. त्याची गाणी प्रेमाची होती, राजकारणाची नव्हतीच. चार वर्षांनी कबाइली गायक मातूब लुनास मारला गेला. स्ट्रमरने ऐकीव बातमीवरून जी थट्टा केली होती, ती ताहाच्या मुलखात थट्टा राहिलेली नव्हती.

२००४च्या 'तेकितुआ' या अल्बममध्ये ताहाने 'रॉक एल कॅस्बा' गायलं, अरबीत. निर्माता स्टीव्ह हिलेज, मँडोल्यूट या तंतुवाद्यावर हकीम हमादूश. मूळ गाण्यातला पियानोचा उड्या मारणारा ठेका जाऊन तिथे अरबी तंतुवाद्यांची लाट येते, आणि ताहाचा तो सिगारेटने खरवडलेला आवाज. गोष्ट तीच आहे, हाकीम तोच, विमानं तीच. पण आता सांगणारा कसब्याच्या आतला आहे. मूळ गाण्यात हाकीम विनोदी वाटतो. ताहा गातो तेव्हा तो विनोदी वाटत नाही, आणि लोक मात्र प्रथमच माणसं वाटतात, आपण ज्यांना ओळखतो अशी. हे ऐकायला स्ट्रमर नव्हता.

मिक जोन्स होता. नोव्हेंबर २००५मध्ये लंडनमध्ये इराक युद्धाच्या विरोधातल्या 'स्टॉप द वॉर' संघटनेसाठी जलसा झाला. इराकवर पुन्हा बॉम्ब पडत होते, या वेळी ब्रिटनही सामील होतं. मंचावर रशीद ताहा आला, त्याच्या बाजूला गिटार घेऊन मिक जोन्स उभा राहिला. चौदा वर्षांपूर्वी ज्या गाण्याचं नाव इराकवरच्या बॉम्बवर लिहिलं होतं, ते त्या रात्री अरबीत सुरू झालं, आणि जोन्स मागे साथीला वाजवत होता.